बोर्डो

बोर्डो हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो एक रंग होता. निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यात आप्पा ड्रमावर वाकलेले, हातात बाभळीची काठी, आणि ड्रमात निळंशार पाणी. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात टांगलेलं असायचं, चुना वेगळ्या भांड्यात विरलेला. दोन्ही पाणी एकत्र केलं की आप्पा कमरेचा विळा काढून त्या निळ्यात बुडवून धरत. पात्यावर तांब्याची लाली चढली तर म्हणत, "चुना कमी पडला गं, आण थोडा." पातं स्वच्छ निघालं की पंप खांद्यावर. संध्याकाळी आप्पांच्या भुवयांवर, विहिरीच्या कठड्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर पांढरट निळे ठिपके. शाळेच्या नकाशात फ्रान्सच्या कडेला त्याच नावाचं शहर सापडलं, तेव्हा मला वाटलं होतं, तिथली घरं निळी असतील.

घरं निळी नव्हती, मधाच्या रंगाच्या चुनखडीची होती. नावसुद्धा तिथे बोर्दो असं मऊ म्हणतात. द्राक्षाच्या रोगांवर काम करणारी म्हणून मी तिथे काही महिने राहायला गेले, तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. ज्या प्रयोगशाळेत मी बसत होते तिथून निवृत्त झालेल्या एका बाईंनी ऑक्टोबरातल्या एका रविवारी मला जेवायला बोलावलं. मी त्यांना मादाम म्हणत असे. त्यांचे पती बॅरल बांधणारे कारागीर. ओकच्या फळ्या आगीवर वाकवून त्यांनी आयुष्यभर 225 लिटरची बॅरलं बांधली. एका बॅरलात 300 बाटल्या मावतात. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. 1982च्या एका वाइनची 12 बाटल्यांची लाकडी पेटी त्यांनी घेऊन ठेवली होती, तिच्यातल्या दोन उरल्या होत्या. "एक आज उघडू," मादाम म्हणाल्या. बाटलीवरचं नाव मी वाचलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. शातो द्युक्र्यू-बोकायू, सँ-झ्युलियाँ.

हे नाव मला पाठ होतं, वाइनमुळे नव्हे. 1882च्या ऑक्टोबरात बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे याच सँ-झ्युलियाँच्या मळ्यांमधून चालले होते. अमेरिकेतून आलेल्या डावणी रोगानं तेव्हा फ्रान्सच्या वेली उघड्याबोडक्या करून टाकल्या होत्या. शेंडे जळालेले, पानं गळालेली. पण रस्त्याच्या कडेच्या ओळींवर पानं टिकून होती, हिरवी, आणि त्यांच्यावर निळसर पांढरा लेप होता. चौकशी केल्यावर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून कडेच्या झाडांवर मोरचूद आणि चुना मारायची तिथली रीत होती. लेप पाहून माणूस द्राक्ष विषारी समजेल, एवढाच हेतू. मिलार्द्यांनी मग द्युक्र्यू-बोकायूच्या व्यवस्थापकाला, एर्नेस्त दाविदला, बरोबर घेऊन प्रयोग केले आणि 1885 साली मिश्रण जगापुढे मांडलं. चोरांसाठी केलेली ती युक्ती फिरत फिरत आमच्या विहिरीच्या कठड्यापर्यंत आली.

जेवणाआधी मादाम मला त्या रस्त्यावर घेऊन गेल्या. तोडणी उरकली होती, पानं तांबूस पडत चालली होती. आमच्याकडे 9 बाय 5 फुटांवर वेल, डोक्यावर मांडव. इथे मीटरभर अंतरावर गुडघ्याएवढी ठेंगणी झाडं, हेक्टरी 10,000 च्या आसपास. आणि माती म्हणावी तर माती नाहीच. नुसते गोटे. पांढरे, पिवळट, मधाळ, अंड्याएवढे, काही लिंबाएवढे. गारोन नदीनं पिरेनीज डोंगरातून लाखो वर्षांपूर्वी आणून टाकलेले. पाणी त्यांतून झरझर खाली जातं, मुळं त्याच्यामागे खोल खोल उतरतात, आणि दिवसभर तापलेला गोटा रात्री बुंध्याला ऊब देतो. उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्योला तीच लागते. बोकायू म्हणजे सुंदर गोटे. मी एक उचलला. तिसऱ्या प्रहरच्या उन्हानं तो कोमट झाला होता, चुलीजवळच्या पाट्यासारखा. पलीकडे झिरोंदचं रुंद, गढूळ पाणी दिसत होतं. नदी दिसणारी वेल चांगली, असं इथले लोक मानतात.

आमची वेल कधी झोपत नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोड्या बहाराची. दोनदा कापायची, दोनदा उठवायची. इथली हिवाळाभर निजते. त्या निजलेल्या काड्यांकडे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला थोडा हेवा वाटला होता, आमच्या वेलींच्या वतीनं.

बाटली दोन दिवस उभी ठेवलेली होती, गाळ तळाशी बसावा म्हणून. वाइनची पातळी मानेच्या खाली, खांद्याशी आली होती; चाळीस वर्षांत बुचातून थेंब थेंब हवेत गेलेला. मादामनी झाकणाचा पत्रा कापला. बुचाच्या माथ्यावर काळी बुरशी होती, ती त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली. बुचाच्या ओकाची साल पहिल्यांदा काढतात ती झाड 25 वर्षांचं झाल्यावर, नंतर दर नऊ वर्षांनी, आणि बाटलीच्या योग्यतेची साल मिळते ती तिसऱ्या खेपेला. म्हणजे हे बूच ज्या झाडाचं, ते वाइनपेक्षा कितीतरी थोरलं. दोन पात्यांचा चिमटा त्यांनी बुचाच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू उतरवला आणि पिळत वर ओढला. अर्धं बूच आलं. अर्धं मानेतच तुटलं. त्यांचा हात थांबला, मग त्यांनी ते अर्धं चिमट्यानं तुकड्या-तुकड्यांनी काढलं, एक कणही आत न पाडता. आलेल्या अर्ध्याचा खालचा भाग जांभळाची बी असावी तसा काळा-जांभळा होता.

त्यांनी मेणबत्ती पेटवली. बाटलीची मान ज्योतीसमोर धरून त्या काचेच्या सुरईत वाइन ओतू लागल्या, इतकी सावकाश की धार मोडत नव्हती. ज्योतीच्या उजेडात काचेतून वाइन माणकासारखी पारदर्शक दिसत होती. मग बाटलीच्या खांद्याशी धुराची एक बारीक रेघ सरकत आली. गाळ. तिथेच त्यांनी हात उचलला. तळाशी दोन बोटं वाइन राहिली, कॉफीच्या चोथ्यासारखी. मला ती टाकवेना.

हा गाळ म्हणजे काय, हे मी वर्गात शिकवलं आहे. द्राक्षाच्या सालीतले तुरट द्रव्यांचे कण आणि रंगाचे कण वर्षानुवर्षं एकमेकांना धरत जातात, जोडत जातात, आणि इतके जड होतात की वाइनला ते पेलवत नाहीत. मग ते खाली बसतात. वर राहते ती फिकट आणि मऊ होते. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ग्लास तिरका करून पांढऱ्या टेबलक्लॉथवर धरला, आणि मध्ये कोकमाच्या आगळाचा रंग, कडेला विटकरी, अगदी काठाला नारिंगी अशी पट्टी दिसली, तेव्हा ते ठाऊक असणं बाजूला राहिलं.

पहिला वास तळघराचा होता, बंद खोलीचा. मादाम म्हणाल्या, थांब. दहा मिनिटं आम्ही कोकराचं भाजलेलं मांस खात राहिलो. मग मी ग्लास पुन्हा नाकाशी नेला आणि आधी आली ती पेन्सिल. नवी पेन्सिल तासल्यावर शार्पनरमध्ये जो देवदारी वास उरतो तो. त्याच्यामागून श्रावणात झाडाखाली कुजलेल्या पानांचा, अळंब्यांचा. मग आजोबांच्या तंबाखूच्या चंचीचा, चामड्याचा. आणि या सगळ्यांच्या खूप मागे, घरात कुणीतरी दार लोटून घेतलेल्या खोलीतून यावा तसा, काळ्या फळाचा. घोट घेतला. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते तशी कोवळ्या काबर्नेनं ओढली जाते, हिरड्या आवळतात. इथे तो तुरटपणा रेशमी झाला होता. असल्याची नुसती आठवण द्यायचा आणि निघून जायचा. घोट गिळल्यानंतरही तोंडात बराच वेळ काहीतरी चालू राहिलं, तानपुरा खाली ठेवल्यावर तारेत स्वर राहतो तसं.

फ्रेंचमध्ये या वयाच्या वाइनसाठी खूप शब्द आहेत. मला त्या टेबलाशी एकच आठवत होता: मुरणं. आमच्या माळ्यावर आजीची लिंबाच्या लोणच्याची बरणी होती, वीस वर्षांची. लिंबू काळं झालेलं, साल आणि रस वेगळे सांगता येत नव्हते, पोट बिघडलं की त्यातली बोटभर फोड. आजी बरणीला हात लावताना डोक्यावर पदर घेई. मुरलेल्यात मूळ पदार्थ शोधायचा नसतो. लिंबाचा लिंबूपणा गेलेला असतो, म्हणून तर आत शिरायला जागा होते. द्राक्ष टिकवायचं तर आम्ही त्याचा बेदाणा करतो; पाणी उडतं, गोडी घट्ट होते, फळ आणखी फळ होतं. इथे फळ स्वतः मागे सरलं होतं. त्याच्या सरण्यानं जे पुढे आलं होतं ते मला त्या दुपारी गोट्यांचं, नदीचं, 1982च्या त्या ऊन सप्टेंबरचं वाटलं. आणि त्या वेलींवर मारलेल्या बोर्डोचंही. त्या सप्टेंबरापर्यंत ती पानं वेलीवर राहिली म्हणून हा रस गोळा झाला. मी लहान होते तेव्हा, त्याच सुमारास, आमच्याही पानांवर तेच निळं वाळत होतं.

साधारण अर्धा तास ती तशी राहिली. मग मला जाणवलं की पेन्सिलचा वास विरळ होतोय. पानांचा वास वर आला, आणि कडेनं एक आंबूस धार. मादामनाही कळलं होतं. त्यांनी राहिलेली वाइन दोघींच्या ग्लासांत समान वाटली आणि म्हणाल्या, "आता प्यायची. हिला थांबवायचं नाही." पतीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. जेवण झाल्यावर रिकामी बाटली धुतली, आणि पुसताना तिच्या तळाच्या खळग्यात अंगठा घालून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. तुटलेलं बूच त्यांनी मला दिलं.

परतताना मी आप्पांना फोन लावला. तिथे संध्याकाळचे साडेसात झाले होते. मिलार्द्यांच्या गावातली वाइन प्यायले म्हटल्यावर ते म्हणाले, "कोण मिलार्दे?" मी सांगितलं. कडेच्या ओळी, चोर, मोरचूद. ते बराच वेळ गप्प राहिले. मग द्राक्षवाल्यानं विचारायचा तोच प्रश्न विचारला.

"गोड होती का?"

"नाही आप्पा. गोड नव्हती."

"मग आंबट?"

"तुरट होती. पण तुरटपणा चाळीस वर्षांत खाली बसला होता."

"गाळ होऊन?"

"हो. गाळ होऊन."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "निवळायला ठेवलं की बसतंच." मग पावसाचं सांगितलं. परतीचा पाऊस लांबलाय, पानावर ओल राहतेय, डावणी येणार. छाटणीआधी एक फवारणी उरकून घ्यायची आहे. पहाटे लवकर उठायचं होतं, म्हणून फोन ठेवतो म्हणाले. मोरचूद भिजत टांगून झालं होतं.