शटरवरचं वर्तुळ

हात थरथरायला लागल्यापासून ब्रश शागिर्दाच्या हातात आणि मी रस्त्यापलीकडे. तिथून मला स्टेट बँकेच्या चिन्हातली खाच जास्त छळते.

१९७१ साली शेखर कामतांनी ते चिन्ह केलं. निळं वर्तुळ, मधे पांढरं भोक, त्यातून खाली उतरणारी खाच. भिंतीवर खिळा-सुतळीने कुणीही काढेल. आष्ट्यातल्या ग्राहक सेवा केंद्राच्या शटरवर मात्र कागदाचा साचा दाबून बसवला की पट्ट्यांचा फुगवटा कागद खातो आणि वर्तुळ चपटं होतं. त्यावर उपाय आहे, साचा उभा वाढवायचा. खाचेला उपाय नाही. समोरून सरळ दिसणारी तिची कड बाजूने नागमोडी होते, आणि सांगली रस्त्याने माणूस बाजूनेच येतो. कड आत घेतली तर समोरून बिघडते. शेवटी मी खाच किंचित रुंद ठेवायला लावतो. मोजपट्टी लावाल तर ती बँकेच्या मापात बसणार नाही. पण लांबून ती उघडी दिसते, आणि ती माझी आहे हे मला कळतं. त्याचा मला गर्व आहे.

फ्लेक्सवाल्यांचा राग येतो तो धंदा गेला म्हणून नाही. जागा आडवी असली की ते वर्तुळ ताणून अंड्यासारखं करतात आणि त्यांना ते खुपतही नाही.

कंपन्याही चिन्ह करताना शटरचा विचार करत नाहीत. २००७ मध्ये मोबाइल कंपन्यांत हच जाऊन व्होडाफोन आलं, तेव्हाचं चिन्ह फुगीर, चकाकणारं होतं. इनॅमलमध्ये ती चकाकी आणायला लाल रंगाच्या तीन छटा ओल्यात ओल्या मिसळाव्या लागत, आणि पट्टीच्या प्रत्येक खोबणीत रंग साचे. आम्ही पेंटर मंडळी सपाट लाल भरून मोकळे व्हायचो. २०१७ मध्ये कंपनीनेच जगभर ते सपाट केलं. २०२० मध्ये इथे आयडियासोबत त्याचं ‘व्ही’ झालं आणि सगळी शटरं पुन्हा खरवडली गेली. त्या काळात स्टेट बँकेच्या वर्तुळाचा आकार तसाच राहिला.

शटरवरचं चिन्ह दुकान बंद असतानाच दिसतं. रात्री, एका दिव्याच्या उजेडात, तेवढ्यावरून गिऱ्हाइकाने सकाळी कुठे यायचं ते ओळखायचं असतं. नवं चिन्ह करणाऱ्या मुलामुलींनो, मंजुरीला पाठवण्याआधी ते एकदा बंद शटरवर काढा आणि रस्त्याच्या कडेने चालत येऊन बघा.