ग्दान्स्कच्या गोदीतून निवतीच्या समुद्राकडे

शीतयुद्धात पोलंडच्या सातव्या सागरी डिव्हिजनकडे डेन्मार्कच्या किनाऱ्यावर उतरण्याची कामगिरी होती. त्यासाठी ग्दान्स्कच्या गोदीत सपाट तळाची, नाळेचे दार उघडून रणगाडे थेट वाळूवर सोडणारी जहाजे बांधली गेली. डेन्मार्कवर ती कधीच चालून गेली नाहीत; सुदैवच म्हणायचे.

याच जातीची 'घडियाल' व 'गुलदार' भारताने घेतली. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाझारजवळ गुरखा सैनिकांना उतरवताना जहाज वाळूच्या दांड्यावर अडले. पुढे किनारा नव्हे, खोल पाणी होते. पाठीवरच्या ओझ्यासह जवान बुडाले. समोर शत्रू नव्हताच!

पुढे १९८५ साली पोलंडहूनच आलेली दुसरी 'गुलदार' २०२४ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रतळी पर्यटकांसाठी तिला विसावा देण्याचे ठरले.