वतनदार

आमच्या घरात वतन म्हणजे आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने संपली, तरी आजोबा दर दिवाळीला त्या कागदांना ऊन दाखवत. शाळेत हिंदी गाण्यांतलं ‘वतन’ कानी आलं. त्याच्यासाठी माणसं जीव ओवाळून टाकत होती. या दोन वतनांचा मेळ मला काही बसेना.

पुढे अरबी शब्दाच्या मुळाशी गेलो. तिथे वतन म्हणजे माणसाचं राहतं ठिकाण, आणि गुरामेंढरांची बसायची जागासुद्धा. देशभक्तीचा अर्थ त्यात एकोणिसाव्या शतकात जोमाने भरला. तुर्की लेखक नामिक कमालच्या १८७३ मधल्या नाटकाच्या नावातच वतन आहे. फारसीत देशबांधव ‘हमवतन’ झाला, पश्तोत ‘वतनवाल’.

दख्खनमध्ये मात्र हा शब्द दफ्तरातून गावगाड्यात शिरला आणि पिढीजात हक्क होऊन बसला. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी. या हक्कांपायी भाऊबंदकी माजली. रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ या राज्यकारभारावरच्या ग्रंथात वतनदारांपासून राज्याला असलेला धोका परखडपणे मांडला. आणि महार वतन? तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात सरकारची नि गावाची अष्टौप्रहर राबणूक. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं. ते वतन रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. आमच्या ट्रंकेत ज्या शब्दाला मान होता, तोच गावकुसाबाहेर वेठ होता. हे कळल्यावर त्या कागदांचा अभिमान माझ्या मनातून उतरला.

पुण्यात शिकायला आलेल्या दोन अफगाण मुलांशी ओळख झाली. एक पश्तून, दुसरा हजारा. पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हा माझा वतनदार.” दरी भाषेत वतनदार म्हणजे आपल्या देशाचा माणूस. या दोघांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, परतता येईल याची शाश्वती नव्हती. वाडवडिलांच्या वैराच्या आठवणी मात्र होत्या. तरीही ते एकमेकांचे वतनदार होते.

आपल्याकडे वतनदार कुणाचा तरी हक्क डावलून मोठा झाला. त्यांच्याकडे तो दुसऱ्याशिवाय होऊच शकत नाही. एकट्याने कुणी कुणाचा वतनदार कसा असेल? हा अर्थ आपण मराठीत आणायला हवा. माझ्या गावात वाड्यातल्या मुलाने बौद्धवाड्यातल्या मुलाला, आणि त्याने याला, सहज ‘माझा वतनदार’ म्हणावं, एवढं वतन मला पुरे आहे.