टर्कीला मराठीत काय म्हणतात?

थांबा, थांबा! हातातलं काम ठेवा बाजूला. चहा गार झाला तर होऊ दे, माझा केव्हाच झालाय!

त्याचं असं झालं. माझी भाची न्यू जर्सीत असते, तिसरीत आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं मला कागदावरचा एक पक्षी दाखवला. आपला पंजा कागदावर ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची, अंगठा म्हणजे डोकं आणि चार बोटं म्हणजे पिसारा. झाली टर्की! थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की तिथल्या शाळांत पोरं हेच करतात म्हणे. आणि मग ती म्हणाली, "मावशी, टर्कीला मराठीत काय म्हणतात?"

मावशी गप्प!

"टर्कीच म्हणतात गं," मी म्हटलं. "ते तर इंग्लिश झालं," ती म्हणाली. मग आपली लाज राखायला मी म्हणून गेले, "बघून सांगते हं." इथंच चुकलं! रात्री साडेदहाला बघायला बसले ती उठले पावणेतीनला!

आता आधीच सांगून टाकते, मी इतिहासाची कुणी नाही. सनावळ्यांनी शाळेत माझा छळ केलाय. टर्की खाण्याचं तर सोडाच, आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर शिजतं! तेव्हा माझ्यावर विसंबू नका, फक्त माझ्याबरोबर चला.

तर हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. माणसाळवला तो मेक्सिकोत. पण इंग्रजांना वाटलं हा तुर्कस्तानाकडून आला, म्हणून त्यांनी नाव ठेवलं टर्की. बरं, मग तुर्कस्तानात काय म्हणतात? हिंदी! मी चष्मा पुसून परत वाचलं. हिंदी! म्हणजे हिंदुस्थानातला! फ्रेंचांचंही तेच, त्यांच्या नावाचा अर्थ हिंदचा. डच लोक तर कालिकतचं नाव घेतात, आपल्या केरळातलं कालिकत! आणि पोर्तुगीज? पोर्तुगीज त्याला म्हणतात पेरू! मी समोरच्या टोपलीतल्या पेरूंकडे बघितलं, पेरूंनी माझ्याकडे बघितलं. याची टोपी त्याला, त्याची याला, आणि मेक्सिकोचं नाव कुणाच्याच तोंडी नाही!

पण पोर्तुगीज म्हटलं की गोवा आलाच ना! आणि मग मी गोव्याच्या मागे लागले आणि मग गोव्यातून निघाले ती थेट आग्र्याला जहांगीर बादशहाच्या दरबारात! ऐका. जहांगीरनं आपल्या मुकर्रब खान नावाच्या सरदाराला सांगितलं होतं, गोव्याला जा आणि तिथं ज्या काही अजब वस्तू मिळतील त्या पोर्तुगिजांकडून घेऊन ये, पैशाकडे बघू नकोस. त्यानं आणलेल्या अजब प्राण्यांत होती एक टर्की! साल 1612! बादशहा तर वेडावलाच. आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय त्यानं, की हा पक्षी सरड्यासारखा घडीघडीला रंग बदलतो, डोक्यावरचं मांस कधी हत्तीच्या सोंडेसारखं वीतभर लोंबतं तर कधी गेंड्याच्या शिंगासारखं वर उभं राहतं, आणि डोळ्यांभोवतीचा फिरोजी रंग मात्र कायम तसाच. अख्ख्या हिंदुस्थानचा बादशहा, आणि एका पक्ष्याच्या तोंडाकडे टक लावून बसलाय! माझ्यासारखाच की हा! आणि मग त्यानं दरबारातल्या चित्रकारांकडून त्या प्राण्यांची चित्रं काढून घेतली. त्यांतल्या उस्ताद मन्सूरनं काढलेली टर्की आज लंडनच्या एका संग्रहालयात आहे.

आता हे 1612 लक्षात ठेवा हं. कारण ज्या जेवणाला अमेरिकेतले लोक पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात ते झालं 1621 साली. आकडे नुसते उलटे! म्हणजे ते जेवण होण्याच्या नऊ वर्षं आधी टर्की गोव्याहून आग्र्याला पोचून, चित्र काढून मोकळी!

आणि त्या जेवणाची तर गंमतच आहे. मेफ्लॉवर जहाजातून 102 प्रवासी इंग्लंडहून आले, मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथला उतरले आणि पहिल्याच थंडीत त्यांतले जवळपास निम्मे गेले. उरलेल्यांच्या हाती पुढच्या शरदात पीक आलं. त्यांच्यातल्या एडवर्ड विन्स्लो नावाच्या माणसानं घरी पत्र लिहिलं, तो मजकूर मूठभर आहे, आणि सगळा सण त्या मुठीवर उभा! चार माणसं पक्षी मारायला गेली. तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट नव्वद माणसं घेऊन आला. (नव्वद! माझ्याकडे आयत्या वेळी चार आले तरी मी कुकरकडे धावते.) पण पाहुणेही कसे, तर पाच हरणं मारून घेऊन आले! तीन दिवस जेवणं चालली. आणि या पत्रात टर्कीचं नावच नाही! नुसतं 'पक्षी'! बटाटा नाही, तो तिथं पोचलाच नव्हता. भोपळा होता, पण त्याचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ करायला ना लोणी ना भट्टी. आणि थँक्सगिव्हिंग हा शब्द? तोही नाही!

जहाजातून आलेल्या त्या लोकांना मका लावायला शिकवलं तिथल्याच टिस्क्वांटम नावाच्या माणसानं. त्याला इंग्रजांनी 1614 साली पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तो कसाबसा इंग्लंडमार्गे परत आला तेव्हा त्याचं गाव साथीनं अख्खं रिकामं झालं होतं. प्लिमथ वसलं ते त्याच गावाच्या जागेवर. आणि जेवायला आलेल्या मॅसासोइटच्या मुलाचं डोकं, पुढे 1676 मध्ये, त्याच प्लिमथमध्ये भाल्यावर खोचून ठेवलं गेलं. इथं रात्री एक वाजता मी उठून पाणी प्यायले. 1970 पासून तिथले मूळ रहिवासी थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी, त्याच गावात शोकदिन पाळतात.

झोपायला हवं होतं. पण मग हा दरवर्षीचा सण झाला कुणामुळे? एका बाईमुळे! सारा जोसेफा हेल. पदरात पाच मुलं, नवरा गेलेला, आणि ही एका मोठ्या मासिकाची संपादक. न्यू इंग्लंडमधली ही घरगुती प्रथा साऱ्या देशाची व्हावी म्हणून ही सतरा वर्षं लेख लिहितेय, राज्यपालांना पत्रं, राष्ट्राध्यक्षांना पत्रं, एक जातो दुसरा येतो, हिचं पत्र तयार! शेवटी 1863 मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकननं ऐकलं. आणि टेबलावर मानाच्या जागी भाजलेली टर्की? ती तिच्या 1827 च्या कादंबरीत आधीच वाढून ठेवलेली! स्वयंपाक आधी, सुट्टी छत्तीस वर्षांनी!

आणि आता खुर्ची घट्ट धरा. 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' हिचंच! माझ्या बालवाडीतलं मेरीचं कोकरू! मी एवढ्यानं "अगं बाई!" ओरडले की आतून आवाज आला, "कोण गेलं?"

पुढचं भराभर सांगते. 1926 मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिजना थँक्सगिव्हिंगला खायला म्हणून कुणी जिवंत रकून पाठवला, म्हणजे रकूनीण, आणि त्यांनी तिला न मारता रिबेका नाव ठेवलं आणि पाळलं आणि मग व्हाइट हाउसमध्ये पट्टा लावून फिरवलं! 1939 मध्ये रूझवेल्टनी दुकानदारांसाठी सण आठवडाभर अलीकडे ओढला, तर निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही, आणि टेक्ससनं दोन्ही दिवशी सुट्टी घेतली! मला टेक्सस एकदम आपलं वाटलं.

सकाळी उठल्या उठल्या भाचीला फोन. तिच्याकडे संध्याकाळ.

"सापडलं! पोर्तुगीज त्याला पेरू म्हणतात!"

"मावशी, पेरू तर फळ असतं."

मग मी तिला जहांगीर सांगितला, गोवा सांगितला, सोंड सांगितली, शिंग सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. डोळ्यांभोवतीचा फिरोजी रंग आला तशी तिनं मला मध्येच थांबवलं.

"फिरोजी म्हणजे?"

"निळा गं. हिरवट निळा."

तिनं आपला कागद समोर धरला. अंगठ्यावर एक काळा ठिपका, त्याच्याभोवती काहीच नाही. फोन तसाच पलंगावर टाकून ती खडू शोधायला पळाली, आणि मी पाच मिनिटं त्यांचं छत बघत बसले.