माणशी शंभर वॅट

थंडी पडली आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार हवामान खात्याचा. तुम्हाला हुडहुडी भरली म्हणून थंडीची लाट आली असे होत नाही. सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याच्याही खाली उतरले पाहिजे, शिवाय ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी पाहिजे. तेव्हा कुठे तिला लाट म्हणायचे. पारा 4 अंशांवर आला तर मात्र सरासरीची अट माफ. मी बँकेत कारकून असल्यामुळे मला हा नियम मनापासून आवडला. आमच्याकडेही नुसती गरज दाखवून कर्ज मिळत नाही.

फक्त आमच्या घराला हा नियम कुणी कळवलेला नाही. आमचे घर म्हणजे नाशिकच्या जुन्या गावठाणातला, पणजोबांनी बांधलेला वाडा. वाडा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला वाडा येतो, झुंबरे आणि झोपाळा असलेला. आमच्याकडे नऊ खोल्या, एक चौक, एक माडी, सागाचे खांब आणि अगणित फटी आहेत. जानेवारीत सकाळी दहा वाजता रस्त्यावरची माणसे स्वेटर काढून खांद्यावर टाकतात, तेव्हा आमच्या माजघरात आम्ही दुसरा स्वेटर चढवत असतो. पाहुणे आले की यजमान त्यांना घरात घेतात. आम्ही त्यांना बाहेर ओट्यावर नेतो. तिथे ऊन असते.

नाशिकची थंडी ही पुणेकरांना पटत नाही आणि मुंबईकरांना कळत नाही. उत्तरेकडून कोरडे वारे सुटले आणि आभाळ निरभ्र असले की रात्री जमिनीची सगळी ऊब वर निघून जाते. ढग म्हणजे आभाळाची गोधडी. ती नसली की जमीन उघडी पडते. शेजारच्या निफाड तालुक्यात तर काही विचारू नका. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती, हे आम्ही थंडीच्या दिवसांत शेअरच्या भावासारखे पेपरात बघतो. 2018 च्या डिसेंबरात निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या होत्या. अशा रात्री द्राक्षबागायतदार बागेत जागोजाग शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात. नाहीतर मण्यांना तडे जातात. ती बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा आमची सौ. म्हणाली, "बघा, द्राक्षांसाठी तरी कुणी उठतंय पहाटे!" त्या दिवसापासून मी बातम्या मनात वाचतो.

खरे सांगायचे तर पणजोबांची चूक नव्हती. त्यांनी वाडा बांधला तो एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवून. जाडजूड भिंती, उंच छत, समोरासमोर खिडक्या, मधोमध उघडा चौक. उन्हाळ्यात आमच्याकडे येणारा माणूस "वा, काय गारवा आहे!" असे म्हणतो आणि दोन तास हलत नाही. घरात वारा खेळता पाहिजे, असे पणजोबांचे म्हणणे होते म्हणे. तो अजून खेळतो. फक्त थंडीत तो माझ्या मानेशी खेळतो.

यंदा मी बी.कॉम.ला शोभेल अशा पद्धतीने या प्रश्नाकडे पाहायचे ठरवले. ऊब म्हणजे शिल्लक. ती वाढवायची तर जमा वाढवा किंवा खर्च कमी करा. खर्च कुठे होतो ते शोधायला एक साधा उपाय आहे. उदबत्ती पेटवून दारे-खिडक्यांच्या कडेने फिरवायची. जिथे धूर आडवा होईल तिथे फट. रविवारी सकाळी मी हे काम सुरू केले. मी हातात उदबत्ती घेऊन सगळ्या घराला प्रदक्षिणा घालताना पाहून आईला गहिवरून आले. मुलगा मागे वही घेऊन नोंदी करत होता. चाळिसाव्या फटीला उदबत्तीचा पुडा संपला आणि अजून माडी राहिली होती.

मग आम्ही बुजवायला लागलो. खिडक्यांच्या झडपांना बँकेची जुनी कॅलेंडरे चिकटवली, त्यामुळे आमच्या घरात आता एकाच वेळी चार-पाच वर्षे चालू आहेत. सौ.ने माझ्या जुन्या लेंग्याचे पाय कापून त्यात चिंध्या भरल्या आणि दाराच्या तळाशी आडवे टाकले. रात्री अंधारात पाणी प्यायला उठले की दाराशी कुणी तरी अर्धा माणूस झोपल्यासारखे वाटते. पण उपयोग झाला, हे मान्य करायला हवे. खालून येणारा वारा थांबला. आता तो फक्त वरून येतो.

पुण्याहून दादाने हीटर पाठवला. दादा कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो आणि वाडा बिल्डरला द्यावा या मताचा आहे, त्यामुळे त्याच्या प्रत्येक भेटवस्तूत एक मुद्दा असतो. हीटर दोन हजार वॅटचा, म्हणजे तासाला दोन युनिट. रात्रभर आठ तास चालवला तर सोळा युनिट. हा हिशेब मी केला तेव्हाच मला थोडी ऊब आली. आमच्या वाड्यातले वायरिंग लाकडी पट्टीतले, पाच अँपिअरच्या प्लगांचे. वायरमनने हीटरवरचा आकडा वाचला, मग भिंतीकडे पाहिले, मग देवघराकडे पाहून हात जोडले. "हा नऊ अँपिअर ओढणार साहेब. आधी जाड वायर टाका." म्हणून आम्ही एकट्या माजघरात पंधरा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घेतला. हीटरच्या किमतीपेक्षा पॉइंट महाग पडला. (कर्जापेक्षा कागदपत्रांचा खर्च जास्त, हे मी रोज दुसऱ्यांना सांगतो.)

हीटर लागला. समोरून माणूस खरपूस भाजून निघतो आणि पाठ निफाडला असते. त्यातून गरम हवेचा स्वभाव असा की ती वर जाते. आमच्या माजघराला वर कडीपाट आहे आणि त्याच्या फळ्यांत फटी आहेत. त्या फटींतून आमची सोळा युनिटे वर माडीत जातात आणि माडीत नाना राहतात.

नाना म्हणजे आमचे भाडेकरू. वय अठ्ठ्याहत्तर, भाडे महिना पंचेचाळीस रुपये. माडी खाली करून मिळावी म्हणून माझ्या वडिलांनी 2004 साली त्यांच्यावर दावा लावला. कारण दिले होते, 'कुटुंब मोठे असून जागा अपुरी पडते.' वडील गेले, दावा राहिला. वारसाहक्काने मला वाड्याचा अर्धा हिस्सा आणि दाव्याच्या सगळ्या तारखा मिळाल्या. नाना आणि मी कोर्टात वादी-प्रतिवादी आहोत आणि घरी ते मला बाळू म्हणतात. दावा लागला तेव्हा शाळेत जाणारी त्यांची मुलगी आता सासरी आहे. नानी चार वर्षांपूर्वी गेल्या.

आईचा विश्वास हीटरवर नाही, शेगडीवर. लोखंडी शेगडी, लोणारी कोळसा. तिचे नियम बँकेपेक्षा कडक आहेत. शेगडी चौकात पेटवायची, धूर पुरता जाऊन निखारे लाल झाल्यावरच आत आणायची. आत असेपर्यंत एक खिडकी किलकिली उघडी. आणि निजायच्या आधी शेगडी पुन्हा चौकात. यात तडजोड नाही, आणि ती नसलीच पाहिजे. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. दार बंद करून शेगडीजवळ झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, ही बातमी देशात कुठून ना कुठून दर हिवाळ्यात येते. आईला वायूचे नाव माहीत नाही. "कोळशाची हवा डोक्यात जाते," एवढेच ती म्हणते. म्हणजे बघा, चाळीस फटी बुजवायला मी रविवार घालवला आणि आता शेगडी पेटवायची म्हणून खिडकी उघडायची. इतकी वर्षे ही शेगडी घरात सुखाने नांदली, त्यात त्या फटींचाही हात असणार.

"पूर्वी इतकी थंडी नव्हती वाजत घरात," आई एकदा शेगडीशी हात धरून म्हणाली. मी म्हटले, "अगं, फटी त्याच आहेत."

"फटी त्याच आहेत. माणसं कुठायत?"

मी याचा हिशेब करून पाहिला. स्वस्थ बसलेला धडधाकट माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. झोपेत हा दर थोडा घसरतो, पण बंद पडत नाही. माझ्या लहानपणी या वाड्यात आम्ही सतरा माणसे होतो. दोन काका, आत्या, चुलत भावंडे, आणि कायम आलेला एक पाहुणा. सतराशे वॅट! दादाच्या हीटरला तीनशेच कमी, आणि बिल शून्य. शिवाय स्वयंपाकघरात पहाटेपासून चूल आणि न्हाणीघरात तांब्याचा बंब. रात्री माजघरात ओळीने गाद्या, वर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. मधली जागा मिळावी म्हणून आम्ही पोरे मारामाऱ्या करायचो, कारण कडेच्याला एकच बाजू गरम मिळे. आज आम्ही पाचजण. पाचशे वॅट, तेही नऊ खोल्यांत वाटलेले. कुठल्याही ताळेबंदात हा आकडा बसत नाही.

तेव्हा या जानेवारीत आम्ही सगळे माजघरात झोपायला लागलो. बाकीच्या खोल्यांना कड्या. मुलीने आधी नाक मुरडले, मग आजीच्या कुशीतली जागा पटकावली. तिसऱ्या रात्री, साडेअकराच्या सुमाराला, वरून खोकला ऐकू आला. तो थांबेना. कडीपाटातून आमची ऊब वर जाते तसा वरचा खोकला खाली येतो. आई उठून बसली.

"बाळू, वर जा आणि नानांना खाली घेऊन ये."

मी म्हटले, "आई, पुढच्या आठवड्यात तारीख आहे."

"पुढच्या आठवड्यात आहे ना? आज नाही ना?"

मी वर गेलो. नाना अंगावर दोन सोलापुरी चादरी आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून खाटेवर बसले होते. खोलीत इतकी थंडी होती की बोलताना वाफ दिसेल असे वाटले. "वहिनींना सांग, मी ठीक आहे," ते म्हणाले आणि पुन्हा खोकले. मी काही न बोलता त्यांची वळकटी उचलली. जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला होता. त्यांचे वजन फारसे जाणवले नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस शंभर वॅट देत असेल की नाही कोण जाणे. मी हिशेबात सत्तर धरले.

आईने त्यांना सुंठेचा काढा दिला आणि वडिलांची घोंगडी काढून दिली. सौ.ने गाद्या सरकवल्या. नानांना भिंतीकडेची जागा द्यायची तर कॅलेंडराखालून वारा लागतो, दाराशी द्यायची तर तिथे माझा लेंगा झोपलेला. शेवटी मी आणि मुलगा कडेला गेलो आणि नानांना मधोमध घेतले. आई विचारत होती, पाय पुरतात का, उशी हवी का. नाना घोंगडीतून डोके बाहेर काढून एका ओळीत झोपलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाळू, वकिलाला सांग रे. जागा खरंच अपुरी पडते."

आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.