मुलांना गावाला न्या, पण विंचवाची माहिती घेऊन

"डॉक्टर, मुलांना मे महिन्यात गावाला नेऊ का? तिथे विंचू-साप असतात म्हणे." एप्रिल संपत आला की हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. विचारणारे आईबाबा बहुधा स्वतः गावच्या सुट्टीतच वाढलेले असतात. माझं उत्तर "जरूर न्या" असंच असतं, आणि तेही आमच्या घरात जे घडलं ते घडूनसुद्धा.

आम्ही भावंडं रत्नागिरी जिल्ह्यातल्या आजोळी महिनाभर असायचो. सकाळी पेज खाऊन बाहेर पडलो की जेवायलाच परत. करवंदांनी जीभ जांभळी, काजूच्या बोंडांचे डाग कपड्यांवर कायमचे. दुपारी माजघरात सक्तीची झोप (झोपायचं कोणीच नाही) आणि रात्री अंगणात ओळीने अंथरुणं.

१९७९ च्या मे महिन्यात माझ्या सात वर्षांच्या मामेभावाला विंचू चावला. पडवीतल्या लाकडांच्या राशीतून तो विटीदांडूसाठी काठी काढत होता. संध्याकाळची वेळ. थोडा वेळ रडला, मग "आता फार दुखत नाही" म्हणाला, तेव्हा मोठ्यांना हायसं वाटलं. बोटाला दोरी बांधली होती, मंत्र घालणारे येऊन गेले होते. मग तो घामाने निथळू लागला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. मध्यरात्रीनंतर दम लागला. तालुक्याला जाणारी एसटी सकाळची होती. ती यायच्या आधीच तो गेला.

त्या रात्री त्याच्या शरीरात काय चाललं होतं, ते मला वैद्यकीय शिक्षणात कळलं. कोकणातल्या लाल विंचवाचं विष शरीरातच अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर आणतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर प्रचंड ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साठतं. म्हणून "दुखत नाही" याचा अर्थ "धोका नाही" असा होत नाही. गंभीर रुग्णांत दंशाच्या जागी वेदना कमीही असू शकते. दोरी बांधून यातलं काहीच थांबत नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच काळात असे रुग्ण उशाशी बसून तपासले. त्यांची निरीक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध या दंशावर वापरलं. आवळलेल्या रक्तवाहिन्या त्याने सैल होतात. त्यामुळे मृत्यूंचं प्रमाण फार घटलं. आता विंचवाचं प्रतिविषही मिळतं. माझ्या भावाला हे काहीच मिळणार नव्हतं. तुमच्या मुलाला मिळू शकतं, वेळेत पोहोचलात तर.

पुढच्या वर्षी आजीने सगळ्यांना पुन्हा बोलावलं. मामीसुद्धा आली. लाकडांची रास घरापासून लांब हलवली होती, आणि अंथरूण झटकल्याशिवाय कोणी आडवं व्हायचं नाही असा दंडक झाला. आजीने सुट्टी बंद केली नाही, याचं मोल मला आज जास्त कळतं. माझ्याकडे येणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी कितीतरी चष्म्यात असतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेच्या दिवसांत मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवून पाहिलं. तीन वर्षांत त्या मुलांमध्ये लांबच्या चष्म्याचे नवे रुग्ण कमी निघाले. आम्ही तर दिवसच्या दिवस बाहेर असायचो! एक महिन्याने वर्षभराची भरपाई होत नाही हे खरं, पण बाहेर राहण्याची सवय तिथे लागते.

तेव्हा न्या. विंचू मे-जूनमध्ये जास्त दिसतात, म्हणून अंधारात बॅटरी आणि पायात चप्पल हवी, तीही झटकून घातलेली. लाकडं, दगड, कौलांचा ढीग यांत हात घालू देऊ नका. विंचू चावलाच तर दोरी, चिरा, मंत्र यांत वेळ घालवू नका. बर्फ असेल तर कपड्यात गुंडाळून दंशाच्या जागी लावा आणि लगेच निघा. घाम, उलटी, गार हातपाय यांची वाट पाहू नका. लहान मूल असेल तर बरं दिसत असलं तरी दाखवाच. प्राझोसिन मनाने देऊ नका, रक्तदाब एकदम उतरू शकतो. १०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे. आणि निघण्यापूर्वी गावच्या माणसांना फोन करून एवढं विचारून ठेवा: जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, आणि तिथे रात्री डॉक्टर असतात का?