तलवाड्याचे हुतात्मे

डहाणू म्हटले की चिकू आणि समुद्र आठवायचा! आम्ही मात्र एस. टी. ने तलासरीकडे, तलवाड्याला निघालो. वाटेत भाच्याने विचारले, "मामा, तिथे गोळीबार झाला ना? मग भुते असतील?" म्हटले, ऐक.

मे १९४५ मध्ये झरी गावी ५,००० वारली जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. पुढे ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी मागितली. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती गेले. तरी संप मोडला नाही. पिढ्यान्‌पिढ्या मानगुटीवर बसलेले जमीनदाराच्या भीतीचे भूत तेव्हा उतरले. आज तलासरीत गोदावरी परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे.